अक्षरांसकट

तीन वर्षांपूर्वी एका तरुण अभ्यासकाचा निरोप आला. ‘मॅडम, तुमच्या प्रबंधाची पीडीएफ मिळाली. उघडतेय, पण वाचता येत नाहीये.’ फाइल अर्धवट उतरली असेल असं समजून मी ती पुन्हा पाठवली. पुन्हा तोच निरोप, या वेळी सोबत स्क्रीनशॉट. पानाचे समास जागच्या जागी होते, पृष्ठक्रमांक होते, तळटीपांवरची आडवी रेघही होती. परिच्छेद जिथे सुरू व्हायला हवेत तिथेच सुरू होत होते. फक्त मजकुराच्या जागी रोमन अक्षरं, कंस, डॉलरची चिन्हं आणि डोक्यावर टिंबं-टोप्या घेतलेली परकी अक्षरं यांची सरमिसळ पसरली होती. ओळीमागून ओळ, तीनशे बारा पानं.

माझा प्रबंध २००२ सालचा. विषय मराठीतले निसर्गवाचक शब्द. त्याची पीडीएफ करून मी ती सीडीवर ठेवली, मग एका हार्ड डिस्कवर, मग दुसऱ्या. प्रत्येक नव्या संगणकावर ती न चुकता आली. फोल्डरमध्ये नाव दिसायचं, आकार दिसायचा. जपलंय, असं मी धरून चालले होते. उघडून मात्र कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

कपाटात कापडी बांधणीची छापील प्रत होती. कडा पिवळ्या पडल्यात, बांधणी एका बाजूनं सैल झालीय, पण उघडली की वाचता येते. त्या दिवशी ती प्रत मांडीवर आणि ती फाइल समोर घेऊन मी बराच वेळ बसले होते. काय हरवलंय हे आधी नीट समजून घ्यायचं होतं.

त्या काळी आम्ही ज्या फॉन्टांमध्ये मराठी टाइप करायचो, त्यांची रचना आजच्यापेक्षा वेगळी होती. जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या युनिकोड या मानकात देवनागरीला जागा १९९१ सालीच मिळाली होती, पण रोजच्या वापरातल्या सॉफ्टवेअरला तिथवर पोचायला बरीच वर्षं लागली. तोवर एक युक्ती चालायची. संगणकाच्या लेखी आपण इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच टाइप करत असायचो. फॉन्ट त्या प्रत्येकाच्या जागी देवनागरीचा एकेक तुकडा दाखवायचा. कुठे अर्धा ‘क’, कुठे काना, कुठे नुसतीच वेलांटी. पडद्यावर मराठी आणि आत परक्या अक्षरांची माळ. कोणत्या चिन्हामागे कोणता तुकडा, हे फॉन्ट बनवणाऱ्या प्रत्येकानं आपापलं ठरवलेलं. म्हणजे मजकूर वाचायची किल्ली फॉन्टमध्ये होती, आणि माझ्या पीडीएफमध्ये तो फॉन्ट नव्हता. फक्त त्याचं नाव होतं.

पीडीएफ पाहायच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये फाइलीची माहिती दाखवणारी एक खिडकी असते आणि तिच्यात फॉन्टांची यादी. माझ्या जुन्या फाइलीच्या यादीत एकच नाव होतं आणि त्याच्यापुढे दुसरंच एक नाव: मूळ फॉन्ट या संगणकावर नाही, म्हणून हा लावलाय. आज नीट बनवलेली एखादी फाइल उघडून तीच यादी पाहा. नावापुढे ‘एम्बेडेड सबसेट’ असं लिहिलेलं दिसेल. फाइलीच्या पोटात पाहिलं तर त्या नावाआधी सहा मोठी रोमन अक्षरं आणि अधिकचं चिन्ह सापडतं. त्या सहा अक्षरांना स्वतःचा काही अर्थ नसतो. या मजकुराला लागल्या तेवढ्याच आकृत्या फॉन्टमधून उचलून आत ठेवल्या आहेत, एवढंच ती सांगतात. आता मी कोणाचीही फाइल हातात आली की आधी ती खिडकी उघडते.

माझ्या फाइलीत फॉन्ट का आला नाही, याचं कारणही सापडलं. फॉन्टच्या फाइलीत एक छोटी नोंद असते: हा फॉन्ट दस्तऐवजात घालायला परवानगी आहे की नाही. माझ्या फॉन्टमध्ये ती परवानगी बंद होती. पीडीएफ बनवणाऱ्या सॉफ्टवेअरनं नियम पाळला, फॉन्ट बाहेर ठेवला आणि मला काही विचारलं नाही. माझ्या संगणकावर फॉन्ट होताच, त्यामुळे मला सगळं व्यवस्थित दिसत राहिलं. तो संगणक गेला त्या दिवशी प्रबंधही गेला. मला कळायला दोन दशकं लागली.

यात पीडीएफचा दोष आहे असं मला वाटत नाही. १९९३ साली अडोबीनं हा प्रकार आणला तेव्हा एका संगणकावर मांडलेलं पान दुसऱ्या संगणकावर आणि कोणत्याही प्रिंटरवर जसंच्या तसं दिसावं, ही गरज होती, आणि ती त्यानं उत्तम भागवली. पण ती गरज ‘इथून तिथे’ नेण्याची होती. ‘आत्तापासून तेव्हापर्यंत’ नेण्याची गोष्ट निराळी आहे. मधल्या वर्षांत पीडीएफमध्ये काय काय येत गेलं: व्हिडिओ, आवाज, भरायचे फॉर्म, स्वतःहून चालणारी जावास्क्रिप्ट, पासवर्ड, दुसऱ्या फाइलींकडे बोट दाखवणारे दुवे. यातली प्रत्येक गोष्ट कोणत्या तरी बाहेरच्या आधारावर उभी असते. २०२० साल संपता संपता चलचित्रं चालवणाऱ्या फ्लॅश या सॉफ्टवेअरचा आधार काढून घेतला गेला. ज्या पीडीएफांमध्ये फ्लॅशची चलचित्रं बसवली होती त्यांच्यात आता तिथे रिकामी चौकट राहिली आहे. फाइल तीच, तिच्यातला एक बिटही बदललेला नाही.

म्हणून २००५ साली आयएसओ १९००५ या क्रमांकाचं एक मानक आलं. त्यालाच पीडीएफ/ए म्हणतात. शेवटचा ‘ए’ ‘अर्काइव्ह’चा. लोकांना वाटतं तसा हा कुठला नवा फाइल प्रकार नाही. नेहमीचीच पीडीएफ, फक्त काही गोष्टी हव्यातच आणि काही असताच कामा नयेत, असा नेम घेतलेली. फाइलीच्या नावाचं शेपूटही तेच राहतं. पहिला भाग पीडीएफ १.४ या आवृत्तीवर बेतला होता. दुसरा २०११ साली आला, तिसरा २०१२ साली, चौथा २०२० साली. नव्या भागानं जुना रद्द होत नाही, आणि हे मला फार शहाणपणाचं वाटतं. २००६ साली पहिल्या भागाप्रमाणे केलेली फाइल आजही तितकीच ग्राह्य आहे. ती पुन्हा कन्व्हर्ट करत बसायची गरज नाही.

या मानकातले नेम सुटे सुटे पाहिले तर कटकटीचे वाटतात. फॉन्ट आतच हवेत, अगदी पीडीएफ वाचणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअरकडे असतीलच असे धरलेले ते चौदा मूळ फॉन्टसुद्धा. पासवर्ड नको, कूटबद्ध करणं नको. जावास्क्रिप्ट नको. आवाज-व्हिडिओ नको. मजकुराचा कोणताही भाग बाहेरून आणायचा नाही. रंग कुठल्या मोजमापाचे आहेत ते आत लिहून ठेवायचं, म्हणजे उद्याच्या पडद्यालाही आजचा लाल तोच लाल कळेल. पहिल्या भागात एलझेडडब्ल्यू नावाची आकुंचनाची, म्हणजे फाइलीचा आकार लहान करण्याची, पद्धतसुद्धा वर्ज्य आहे, कारण त्या पद्धतीवर बराच काळ पेटंटचा दावा होता. म्हणजे बाहेरचा आधार कायद्याचाही असू शकतो, हेही त्या लोकांनी विचारात घेतलं होतं. हे सगळं एकत्र वाचलं की प्रत्येक नेमामागे एकच प्रश्न दिसतो: ही फाइल उघडणाऱ्याकडे दुसरं काहीही नसेल तर? लांबच्या वाटेला निघालेल्याला शिदोरी बांधून द्यावी तशी फाइलीबरोबर तिची सगळी सामग्री द्यायची. वाटेत काही मिळेल या भरवशावर पाठवायचं नाही.

पासवर्डाबद्दल माझं मत जरा कडक आहे. कागदपत्रं जपायची म्हणून लोक त्यांना पासवर्ड घालतात आणि त्यालाच सुरक्षितता समजतात. गोपनीय कागद कुलपात ठेवावेत, हे खरंच आहे. पण कुलूप कपाटाला असावं. कागदावरची शाईच कुलूपबंद केली तर किल्ली ठेवणारा माणूस गेल्यावर उरतं ते कोरं पान. आमच्या विभागात अशा दोन फाइली आहेत. त्या करणारे गृहस्थ निवृत्त होऊन वारलेही. फाइली आहेत, आकार दिसतो, तारीख दिसते. आत काय आहे ते आता कोणालाही सांगता येणार नाही.

माझ्या प्रबंधाकडे परत येते. एका जुन्या बॅकअप सीडीवर तो फॉन्ट मला सापडला. संगणकात टाकला, पीडीएफ उघडली, आणि पहिल्या पानावर माझं शीर्षक उमटलं. गळा दाटून आला. पाच मिनिटं मी नुसती पानं उलटत होते. मग सहज शोधाच्या चौकटीत ‘दर्या’ टाइप केलं. उत्तर आलं: सापडलं नाही. हा शब्द प्रबंधात निदान पन्नासदा तरी आहे. एक ओळ निवडून दुसरीकडे चिकटवली, तर तीच परक्या अक्षरांची माळ.

मग लख्ख कळलं की माझ्याकडे अक्षरांचं चित्र परत आलंय, अक्षरं आलेली नाहीत. माणसाला दिसतं ते आणि फाइलीला ठाऊक आहे ते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शोध, उतारा घेणं, डोळ्यांनी न पाहू शकणाऱ्याला मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, उद्याचं भाषांतर, शब्दकोशासाठी शब्द वेचणं, हे सगळं दुसऱ्या गोष्टीवर चालतं.

मानक लिहिणाऱ्यांना हा फरक ठाऊक होता. म्हणून पीडीएफ/ए मध्ये पातळ्या आहेत. ‘बी’ पातळी, म्हणजे मूलभूत: पान दिसायला कायम तसंच राहील, एवढीच हमी. ‘यू’ पातळी दुसऱ्या भागापासून आली: प्रत्येक आकृती युनिकोडमधलं कोणतं अक्षर आहे तेही आत नोंदलेलं हवं. ‘ए’ पातळीत त्याखेरीज दस्तऐवजाची रचना लागते: हे शीर्षक, हा परिच्छेद, हा तक्ता, ही चित्राची जागा आणि चित्र न दिसणाऱ्यासाठी त्याचं वर्णन. चौथ्या भागात या अक्षरी पातळ्या काढून टाकल्या आहेत, पण रोजच्या कामात दुसरा भागच जास्त दिसतो आणि तिथे त्या लागतात. बहुतेक जण ‘बी’वर थांबतात, कारण ती एक टिक केली की होते. इंग्रजी मजकुरात ते बऱ्याचदा खपून जातं. मराठीत ‘बी’वर थांबणं मला पटत नाही, आणि यासाठी मी आमच्या विभागात अनेकदा वाद घातला आहे.

मराठीचं असं काय वेगळं आहे, ते एका शब्दावर दाखवते. ‘किनारा’ घ्या. लिहिताना आपण आधी ‘क’ म्हणतो, मग ‘इ’. युनिकोडमध्येही ‘क’ आधी, वेलांटी नंतर. पानावर मात्र वेलांटी ‘क’च्या डाव्या हाताला उभी असते, आणि पीडीएफमध्ये आकृत्या पानावर ज्या क्रमानं मांडल्या त्या क्रमानं राहतात: आधी वेलांटी, मग ‘क’. तिथून शब्द उचलून दुसरीकडे चिकटवला की सुरुवातीला टिंबाटिंबांच्या गोलावर लोंबकळणारी एक अनाथ वेलांटी येते आणि मागून ‘कनारा’. ‘अर्थ’मध्ये उलट. रफार उच्चारात ‘थ’च्या आधी येतो आणि पानावर ‘थ’च्या डोक्यावर, म्हणून फाइलीत त्याच्या नंतर. प्रत्येक आकृतीचं युनिकोड नोंदलं तरी क्रम चुकलेलाच राहू शकतो. त्यावर उपाय आहे: फाइलीत एखाद्या शब्दाच्या आकृत्यांमागे ‘याचा खरा मजकूर असा’ हे वेगळं लिहून ठेवता येतं. काही सॉफ्टवेअर ते आपणहून करतात, काही करत नाहीत. म्हणून मी फाइल झाल्यावर ठरावीक पाच-सहा शब्द उचलून चिकटवून पाहते. किनारा, अर्थ, स्त्री, वैशिष्ट्य, दऱ्या. एवढे सरळ आले तर बाकीचे बहुतेक सरळ येतात.

‘दऱ्या’ त्या यादीत उगाच नाही. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणायची साधनं आहेत. मी प्रबंध त्यांतल्या एकातून काढला. पंच्याण्णव टक्के मजकूर छान आला असावा असा माझा अंदाज. उरलेल्यानं माझ्या तीन महिन्यांच्या संध्याकाळी घेतल्या. डोंगरातल्या दऱ्या आणि समुद्र या अर्थाचा दर्या, यांतला फरक पानावर एका चिन्हाचा असतो. पहिल्यात ‘य’ला चिकटलेली, पापणीसारखी वळलेली छोटी रेघ, दुसऱ्यात डोक्यावरचा रफार. त्या साधनाला पापणीचा ‘र’ ठाऊकच नव्हता. त्यानं सगळ्या दऱ्यांचे दर्ये केले. ‘वाऱ्यावर’चं ‘वार्यावर’ झालं, ‘किनाऱ्याला’ तर त्याहून विचित्र काही. निसर्गवाचक शब्दांच्या प्रबंधात दऱ्याखोऱ्यांवर एक अख्खं प्रकरण आहे. छापील प्रत डाव्या हाताला ठेवून मी ओळ न् ओळ ताडून पाहिली. शोधून एकदम बदलण्याची सोय नव्हती, कारण काही ठिकाणी दर्या खरोखरच दर्या होता.

त्यातही एक खोच निघाली. पापणीचा ‘र’ युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो: नुक्त्याचा ‘ऱ’ आणि हलन्त, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारा एक जोडणारा. पानावर दोन्ही एकसारखेच दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र ते वेगळे शब्द. एक शोधला तर दुसरा सापडेलच असं नाही. मी सगळीकडे पहिली रीत ठेवली आणि ही निवड प्रस्तावनेच्या टिपेत लिहून ठेवली.

अशी टीप लिहायची सवय मला आयएसओ १४७२१ या दुसऱ्या एका मानकानं लावली. डिजिटल जतनाची चौकट मांडणारं ते मानक अवकाश संस्थांच्या समितीनं तयार केलं. अवकाशयानांनी पाठवलेली माहिती पुढच्या पिढ्यांना वाचता यावी ही त्यांची काळजी होती. त्यातली एक कल्पना मला फार मोलाची वाटते. जतन करताना आधी ठरवा की हे कोणासाठी जपतोय, आणि त्या वाचकाला काय काय आधीच ठाऊक असेल. त्याला जे ठाऊक नसेल ते सोबत द्या. मी पूर्वी ‘भविष्यातला वाचक’ म्हणायचे तेव्हा डोळ्यांसमोर कोणीच नसायचं. आता मी एक माणूस धरते: त्याला मराठी वाचता येतं, पण आमच्या पिढीचे फॉन्ट, आमची सॉफ्टवेअरं, आमचे आद्याक्षरी शब्द यांतलं काहीही ठाऊक नाही. त्याच्याकडे फक्त ही एक फाइल आहे. काय आत घालायचं याचं उत्तर मग बरंचसं आपोआप मिळतं.

आमच्या विभागात एक नवा मुलगा आलाय, कामाला चोख. मध्यंतरी त्यानं चाळीस जुने अहवाल पीडीएफ/ए करून आणले. ‘ताई, सगळे झाले. उघडलं की वर निळी पट्टी येते, पीडीएफ/ए आहे म्हणून.’

मी म्हटलं, ‘पट्टीवर नीट वाच बरं काय लिहिलंय.’

त्यानं वाचलं. ही फाइल मानकाशी सुसंगत असल्याचा दावा करते, असं होतं.

‘दावा,’ तो म्हणाला आणि थांबला.

फाइलीच्या मेटाडेटात, म्हणजे फाइलीबद्दलच्या माहितीत, दोन छोट्या नोंदी असतात: मानकाचा भाग कोणता आणि पातळी कोणती. तेवढ्या असल्या की पट्टी दिसते. बाकीचे नेम पाळलेत की नाही, हे पट्टी तपासत नाही. ते तपासायला व्हॅलिडेटर लागतो. आम्ही वेरापीडीएफ वापरतो. युरोपीय संघाच्या अर्थसाहाय्यानं तयार झालेलं, मुक्त स्रोत आणि कोणालाही वापरता येणारं साधन. त्या चाळीसांतल्या सव्वीस फाइली नापास झाल्या. एकीत एकाच ओळीचा फॉन्ट आत नव्हता. बऱ्याच फाइलींत शीर्षक आणि तारीख दोन ठिकाणी दोन प्रकारे नोंदलेली होती, जे पहिल्या भागाला चालत नाही. काहींत बोधचिन्हाच्या कडेला अर्धपारदर्शक सावली होती. पहिल्या भागाला तीही वर्ज्य, दुसऱ्याला चालते. त्या मुलानं दोन दिवसांत सगळ्या दुरुस्त केल्या, आणि बहुतेकींसाठी मूळ दस्तऐवजाकडेच जावं लागलं.

हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून थोडं थांबते. पीडीएफ/ए शेवटी लावायचा शिक्का नाही. दस्तऐवज लिहितानाच तो अर्धा ठरलेला असतो. शीर्षक नुसतं ठळक आणि मोठं केलं तर ते फाइलीच्या लेखी ठळक आणि मोठं वाक्य असतं. ‘हेडिंग’ची शैली लावली तरच ते शीर्षक असतं, आणि पुढे रचनेत तसंच उतरतं. मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदली, तर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर तो मराठी म्हणून वाचतं. फॉन्ट मुक्त परवान्याचा निवडला, नोटो किंवा मुक्तासारखा, तर तो आत घालण्यावर कोणाची हरकत नसते. हे सगळं झाल्यावर लिब्रेऑफिसमध्ये पीडीएफ एक्स्पोर्ट करताना ‘अर्काइव्ह’च्या चौकोनात टिक करायची आणि भाग निवडायचा, एवढंच उरतं, वर्डमध्येही पीडीएफ म्हणून सेव्ह करताना ‘ऑप्शन्स’मध्ये पीडीएफ/ए ची सोय आहे. याउलट प्रिंटची आज्ञा देऊन पीडीएफ काढली की कागदावर जे दिसलं असतं तेवढंच उरतं. शीर्षकं, परिच्छेद, चित्रांची वर्णनं वाटेतच गळून पडतात. नंतर ती फाइल कन्व्हर्टरमधून काढून पीडीएफ/ए झाली तरी गळलेलं परत येत नाही.

डिजिटल सही असलेल्या कागदाचं तर आणखी वेगळं. सही फाइलीतल्या नेमक्या बाइटांवर असते. आधी सही आणि मग पीडीएफ/ए केलं तर बाइट बदलतात आणि सही मोडते. आधी पीडीएफ/ए, मग सही. ही चूक एकदा झाली की सही करणाऱ्यालाच पुन्हा गाठावं लागतं.

व्हॅलिडेटर हिरवा झाला म्हणजे सगळं झालं, असंही मी म्हणणार नाही. रचना बरोबर आहे की नाही ते तो पाहतो. मजकूर खरा आहे की नाही ते त्याला कळत नाही. माझे दऱ्यांचे दर्ये त्यानं खुशाल पास केले असते. २०१३ साली डेव्हिड क्रीझल या जर्मन संगणकतज्ज्ञानं दाखवून दिलं होतं की झेरॉक्स कंपनीची काही यंत्रं स्कॅन करताना आकडे बदलून टाकतात. सहाचा आठ होत होता. कारण आकुंचनात होतं: जेबिग२ नावाच्या पद्धतीत एकमेकींसारख्या दिसणाऱ्या आकृत्या एकच समजून एकीचं चित्र दुसरीच्या जागी वापरता येतं. पान अगदी स्वच्छ दिसायचं, कुठे डाग नाही, धूसर नाही, म्हणून कोणाला शंकाही येत नव्हती. अशी फाइल मानकाच्या दृष्टीनं निर्दोष असू शकते. जुने कागद स्कॅन करताना मी आकुंचनाची सेटिंग पाहते ती तेव्हापासून. फाइल थोडी जड झाली तरी चालेल.

तिसऱ्या भागाबद्दल लोक हिरिरीनं वाद घालतात. त्यात पीडीएफच्या आत कोणतीही दुसरी फाइल जोडता येते. इलेक्ट्रॉनिक बिलांसाठी ते सोयीचं झालंय: माणसानं पाहायचं पान बाहेर आणि यंत्रानं वाचायचा एक्सएमएल आत. काही अभिलेखपाल नाराज आहेत, कारण आत जोडलेली फाइल पुढे उघडेल याची हमी मानक देत नाही. त्यांचं म्हणणं मला पटतं, तरीही प्रबंधाच्या वेळी मी तिसरा भाग निवडला, ‘यू’ पातळीसह. मूळ संपादनयोग्य दस्तऐवज आणि जुन्या फॉन्टमधला २००२ सालचा कच्चा मजकूर, दोन्ही आत जोडले. ते उघडले नाहीत तरी प्रबंध वाचता येईल. उघडले, तर मी कन्व्हर्ट करताना कुठे चुकले ते कोणीतरी शोधू शकेल.

उरलेलं काम फॉरमॅटच्या पलीकडचं आहे आणि ते कोणताही फॉरमॅट आपल्यासाठी करत नाही. तीन प्रती, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. प्रत्येक फाइलीचा शा-२५६ आकडा, म्हणजे तिच्यातल्या सगळ्या बिटांवरून गणितानं काढलेला ठसा, काढून वेगळा लिहून ठेवायचा आणि वर्षातून एकदा पुन्हा काढून ताडून पाहायचा; एक बिट जरी बदललं तरी तो आकडा पार बदलतो. आणि वर्षातून एकदा फाइल प्रत्यक्ष उघडायची. नावावर आणि आकारावर विसंबायचं नाही. मी जानेवारीचा पहिला आठवडा त्यासाठी ठेवलाय.

प्रबंधाची नवी फाइल ज्या रात्री पूर्ण झाली, तेव्हा व्हॅलिडेटरमध्ये सगळे नेम पास होते. मी शोधाच्या चौकटीत ‘दर्या’ लिहिलं: त्रेपन्न. मग ‘दऱ्या’: अडतीस. छापील प्रतीच्या शब्दसूचीशी दोन्ही आकडे जुळवले. ‘दर्या’चा जुळला. ‘दऱ्या’ सूचीत एकोणचाळीस होत्या. एक दरी कुठेतरी अजून बुजलेली होती.

ती दुसऱ्या दिवशी सापडली, एकशे चौसष्टाव्या पानाच्या तळटीपेत. शब्द ओळीच्या शेवटी तुटला होता, ‘द’ वरच्या ओळीत आणि उरलेला खालच्या. मी तो जोडला, फाइल नव्यानं काढली, तपासली, शा-२५६चा नवा आकडा वहीत लिहिला, आणि त्या अभ्यासकाला पाठवली. तासाभरात त्याचा निरोप आला. त्यानं शब्दसूची पूर्ण वाचली होती आणि दऱ्यांच्या प्रकरणावर त्याचे चार प्रश्न होते.